मुलांच्या नजरेतून चार्ल्स डिकन्स

वाचकहो, चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबऱ्यांतील पोरकी, उपाशी मुले तुमच्या परिचयाची असतील. पण हा थोर लेखक घरात कसा वागत असे, ते त्यांच्या मुलांनी लिहून ठेवले आहे.

डिकन्स यांना दहा अपत्ये. रोज सकाळी ते मुलांच्या खोल्यांतून फेरी मारीत. जागेवरून हललेली खुर्चीही त्यांना खपत नसे. थोरली कन्या मेमी एकदा आजारी असताना त्यांनी तिला आपल्या अभ्यासिकेतील कोचावर निजू दिले. लिहिता लिहिता वडील ताडकन उठले, आरशापुढे धावले, चित्रविचित्र तोंडे केली आणि परत येऊन भराभर लिहू लागले. मग तिच्याकडे वळून ते पुटपुटले, पण ती त्यांना दिसतच नव्हती! आपल्या कथेतील पात्र ते त्या वेळी स्वतः जगत होते, हे मेमीला पुढे उमगले.

या घरात दुःखही होते. १८५८ साली डिकन्स पत्नीपासून विभक्त झाले. बहुतेक मुलगे कोवळ्या वयातच दूर पाठवले गेले. त्यांतील वॉल्टर १८६३ साली कलकत्त्यात वारला. विद्यापीठात गेला तो एकटा हेन्री. केंब्रिजमध्ये शिष्यवृत्ती मिळाल्याची बातमी त्याने हायम स्थानकावर वडिलांना सांगितली. त्यांनी शाबासकी दिली, पण ती हेन्रीला थोडी कोरडीच वाटली. मात्र घराच्या वाटेवर वडिलांचे डोळे भरून आले आणि त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला.

१८६९ च्या नाताळात घरी स्मरणशक्तीचा खेळ रंगला होता. आधीचे सारे शब्द म्हणून प्रत्येकाने आपला एक जोडायचा. डिकन्स यांनी बूटपॉलिशच्या एका कारखान्याचे नाव आणि पत्ता जोडला. त्यांच्या डोळ्यांतील निराळी चमक हेन्रीने टिपली, पण अर्थ कोणालाच कळला नाही.

९ जून १८७० रोजी डिकन्स वारले. त्यांचे मित्र फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून मुलांना उलगडा झाला. १८२४ साली वडील कर्जापायी तुरुंगात असताना बारा वर्षांचा चार्ल्स शाळेऐवजी कारखान्यात पॉलिशच्या बरण्यांना लेबले चिकटवीत होता. ही गोष्ट त्याने आपल्या मुलांना कधीच सांगितली नव्हती.

वाचकहो, हायमच्या वाटेवरील त्या अश्रूंचा अर्थ आता निराळा सांगायला नको. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे तुमच्या गुणपत्रिकेकडे टक लावून पाहत असतील, तर त्यांच्या शाळेची हकीकत त्यांना एकदा अवश्य विचारा.