कृपासदन

नाताळात आमच्या ग्वाल्हेरास, लष्कर भागातल्या मराठी घरांतून, करंज्या-चकल्यांची ताटे इकडून तिकडे जातात. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये अशी जुनी रीत आहे. दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालतात. रीत चांगली आहे. पण घेतलेल्याची लगेच फेड करण्याची सवय अंगी इतकी मुरते की, फेडता न येणारे दान पुढे आले म्हणजे आपण गोंधळतो. पंडिता रमाबाईंना असे दान घेता यावयास आठ वर्षे लागली, आणि तीही बाप्तिस्म्यानंतरची.

रमाबाई ग्वाल्हेरच्या नव्हत, पण आम्हां ग्वाल्हेरकरांप्रमाणे त्याही महाराष्ट्राबाहेर वाढल्या. जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे थोर विद्वान. मुलाबाळांना घेऊन ते तीर्थोतीर्थी पायी फिरले, पुराणे सांगितली, आणि पुण्य जोडावे म्हणून होते नव्हते ते दानधर्मात घातले. पुढे दुष्काळ पडला. रानात पाला आणि रानखजूर खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले, लगोलग आई गेली, मग बहीण. उरली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास. तीही व्रते सांभाळीत उत्तरेकडे चालत राहिली. एवढे सारे केले, तरी खात्यावर काही जमा झाले की नाही हे कोण सांगणार?

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. विवाह झाला, मनोरमा जन्मली, आणि दोन वर्षे होण्याआधीच वैधव्य आले. १८८२ मध्ये त्या पुण्यास राहावयास आल्या व पुढल्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनच्या फुलहॅम भागात भगिनींनी चालविलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे मायेने सेवा चाले. असे का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखविली. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वॉन्टेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

एवढ्यावर चरित्र संपावे अशी पुष्कळांची समजूत असते. पण रमाबाईंचे मन निवाले नव्हते. सिद्धांत पटला होता, मंडळीत नाव होते, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले होते. तरी आत जुनाच हिशेब चालू होता. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. धर्मोपदेशक असूनही आपले स्वतःचे तारण झालेले नाही, हे त्यांना फार उशिरा उमगले होते. रमाबाईंनी ते स्वतःला लावून पाहिले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. आता आणखी काय करावे, असे विचारण्याचेच त्यांनी सोडले, आणि होत्या तशा त्याच्या स्वाधीन झाल्या. येवढी पंडिता, पण तिला मुलाप्रमाणे हात पुढे करावा लागला. (शब्बाथशाळेतल्या मुलांना मागी लोकांच्या भेटी तोंडपाठ असतात. मेंढपाळांनी गव्हाणीपाशी काय ठेवले, हे मात्र लूक सांगत नाही. रिकाम्या हातांनीच आले असावेत.)

यापुढे त्यांचे देणेघेणेच बदलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. लायक कोण, नालायक कोण, हे पाहिले नाही. पुष्कळशा आजारी होत्या, कित्येक हट्टी आणि चोरट्याही. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईला त्याचे नवल वाटले नसावे. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांपुरते दिलेले मदतीचे वचन १८९८ मध्ये संपले. मग केडगावचे मुक्तिसदन ठराविक आमदनीवाचून, न पाहिलेल्या माणसांनी पाठविलेल्या पैशावर चालले. गुजरातच्या दुष्काळानंतर तेथल्या जेवणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती.

हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. केडगावच्या आवारात आंधळ्यांसाठी वेगळी शाळा होती, आणि समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी, फुलहॅमला पाहिले होते तसे, वेगळे घर होते. त्या घराला त्यांनी नाव दिले होते कृपासदन.