नदीच्या दरडीला तारीख लावणारा माणूस

आपण सिव्हिलवाले लेव्हल लावून आजची जमीन मोजतो. ती किती वर्षांत घडली, हे कसं मोजायचं? माझं गाव पारगाव, घोड नदीकाठचं. नदीच्या दरडीकडे बघायला मी शिकलो तो डॉ. हसमुख सांकलिया यांच्यामुळे.

जन्म मुंबईचा, १९०८ चा. लंडनहून डॉक्टरेट घेऊन १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि पुढे नद्यांच्या काठाकाठाने हिंडले. प्रवराकाठी नेवाशाला गोट्यांच्या घट्ट थरांत त्यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली. खालच्या थरात ओबडधोबड, वर बारीक. म्हणजे हत्यार हीच थराची ओळख! पण त्यातून नुसतं आधीचं-नंतरचं कळतं. वेग काढायचा तर वर्षं हवीत. कार्बन-१४ पद्धत पन्नासेक हजार वर्षांपलीकडे थकते. आमच्याच घोडकाठी इनामगावला ती चालली, कारण ती वस्ती साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. तिथलं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये सुरू केलं, त्यात सांकलिया होतेच.

१९८९ मध्ये ते गेले. त्याच सुमारास जुन्नर तालुक्यातल्या बोरीची, कुकडीच्या दरडीतली ज्वालामुखीची राख गाजू लागली. सुमात्राच्या टोबाची धरली तर वय ७४ हजार वर्षं; आर्गॉन पद्धतीने आलेलं एक वय मात्र ६ लाख ७० हजार! थराची जाडी तीच, पण भागाकारात गाळ साठण्याचा वेग नऊपट बदलतो. राखेच्या रासायनिक तपासणीने पारडं टोबाकडे झुकलं. तिच्यासोबतच्या जुन्या हत्यारांचं कोडं मात्र सुटलेलं नाही.