पंखाला बिलगलेली हवा

न्यूरेंबर्गच्या कारखान्यात लाकडाचा भुसा शोषून नेणारी यंत्रणा सुधारण्याचे काम तरुण लुडविग प्रांटल यांच्याकडे आले. रुंद होत जाणाऱ्या नळीत हवा भिंत सोडून का जाते, हा प्रश्न तिथे त्यांच्या मागे लागला, तो कायमचा.

१८७५ साली बव्हेरियात जन्मलेल्या या इंजिनिअरने १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत उत्तर मांडले. पंखाला चिकटलेली हवा जागीच थांबते. घर्षणाचा सारा व्यवहार तिच्यावरच्या पातळ थरात चालतो. आरंभी हा थर संथ सरकतो. पुढे त्यात बारीक तरंग उठतात, वाढतात, भोवरे होऊन फुटतात आणि घर्षण वाढते. हे तरंग केव्हा वाढतात, याचे गणित पुढे टोलमीन आणि श्लिख्टिंग या त्यांच्या शिष्यांनी केले.

पण खळबळ नेहमीच वाईट नसते. १९१४ साली गॉटिंगेनमध्ये प्रांटल यांनी एका गोलावर बारीक तार बसवून हा थर मुद्दाम ढवळला, तर हवेचा एकूण अवरोध उलट घटला! ढवळलेला थर बाहेरच्या वेगवान हवेकडून जोर घेतो आणि पृष्ठभागाला अधिक काळ धरून राहतो.

१९३८ मध्ये हायझेनबर्ग यांच्यासाठी त्यांनी हिमलरकडे रदबदली केली. त्याच सुमारास इंग्लंडमधील स्नेही टेलर यांना मात्र ते हिटलरची बाजू पटवत होते. १५ ऑगस्ट १९५३ रोजी ते निवर्तले. संथ प्रवाह कुठे बिघडतो हे जगाला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या देशातला बिघाड वेळेवर दिसला नाही, ही रुखरुख मागे उरते.