आधी कल्पना, मग पारख

बैठकीत कुणी धीर करून एखादी नवी कल्पना मांडतो आणि शेजारचा लगेच नाक मुरडतो. ती कल्पना तर तिथेच मरते. पण तिच्याबरोबर इतरांच्या ओठांवर आलेल्या कल्पनाही गिळल्या जातात. माणसांचे हे मौन ज्याने नेमके ओळखले, तो अॅलेक्स ऑस्बॉर्न.

त्याचा जन्म १८८८ साली न्यूयॉर्क शहरात झाला. हॅमिल्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर बफेलो येथे त्याने काही काळ बातमीदारी केली आणि पुढे तो जाहिरातीच्या धंद्यात शिरला. १९१९ साली बार्टन व डर्स्टाइन यांच्यासह त्याने स्वतःची संस्था काढली. १९२८ साली ती बॅटन कंपनीत विलीन होऊन बी.बी.डी.ओ. ही प्रख्यात संस्था उभी राहिली. परंतु दहाच वर्षांत तिला वाईट दिवस आले. गिऱ्हाइके सोडून गेली, जाणती माणसे गेली, आणि संस्था सावरण्याचा भार ऑस्बॉर्नवर पडला.

याच सुमारास त्याने बैठकीची रीतच बदलली. दहा-बारा माणसे, समोर एकच नेमका प्रश्न आणि नियम चार. कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही. कल्पना कितीही अचाट असली तरी बेधडक मांडायची. जितक्या सुचतील तितक्या हव्यात. दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालून ती सुधारायची. पारख करायचीच, पण नंतर, सवडीने. हेच ते ‘ब्रेनस्टॉर्मिंग’! १९५३ सालच्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या ग्रंथामुळे ते सर्वत्र पोहोचले.

मात्र १९५८ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी त्याची कसोटी घेतली. चौघे एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढत, त्यांहून अधिक कल्पना एकएकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या बेरजेत निघाल्या. मग ऑस्बॉर्नचे सारे फोल ठरले काय? तसे नव्हे. सामुदायिक बैठक ही एकांतातल्या चिंतनाची जागा घेऊ शकत नाही, ती केवळ त्याला पूरक आहे, असे तो स्वतःच मानीत असे.

१९६६ साली ऑस्बॉर्न निवर्तला. त्याची बैठक आज जगभर भरते; पण पारख थोडी थांबवण्याचा त्याचा नियम एकट्याने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे. कारण कोऱ्या कागदासमोर बसलेल्या आपल्या मनातही एक नाक मुरडणारा शेजारी असतोच.