मोटाऊनचा रुसलेला जावई

२५ मार्च १९८३ च्या रात्री कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील सभागृहात ‘मोटाऊन’ या ध्वनिमुद्रिका कंपनीचा रौप्यमहोत्सव साजरा होत होता. कंपनी १९५९ ची, म्हणजे काटेकोर हिशेबाने पंचविशी भरायला अवकाश होता. पण हिशेबाच्या बाबतीत मोटाऊनवर कलावंतांचे आक्षेप जुनेच होते. एकेकाळी या घरात वाढलेले डायना रॉस, मायकेल जॅक्सन, मेरी वेल्स असे बिनीचे कलावंत कधीच दुसऱ्या कंपन्यांकडे गेले होते. त्या रात्री ते परतले. त्यांच्यातच होता मार्विन गे.

त्याचा जन्म वॉशिंग्टनमधला, २ एप्रिल १९३९ चा. वडील एका कर्मठ ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. घरात प्रार्थना होती, गाणे होते आणि मारही होता. १९६० मध्ये तो डेट्रॉईटला आला. मोटाऊनचा संस्थापक बेरी गॉर्डी याच्याकडे त्याला आधी ड्रमवादकाचे काम मिळाले, गायकाचे यश मागाहून. गॉर्डीची थोरली बहीण ॲना हिच्याशी त्याने विवाह केला. ती त्याच्यापेक्षा १७ वर्षांनी मोठी. कंपनीचा कलावंत असा मालकाचा मेहुणाही झाला आणि पुढच्या प्रत्येक व्यावसायिक मतभेदाला घरगुती कुरबुरीची धार आली.

सहकाऱ्यांशी त्याचे नाते गुंतागुंतीचे होते. टॅमी टेरेलसोबतची त्याची युगुलगीते अतोनात गाजली. १९६७ मध्ये ती रंगमंचावरच त्याच्या बाहूंत कोसळली आणि मेंदूतील गाठीमुळे १९७० मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेली. त्या धक्क्यातून तो पुरता सावरला नाही. त्याने गायलेले ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ कंपनीने अडकवून ठेवले, तेच गाणे ग्लॅडिस नाइटच्या आवाजात १९६७ मध्ये आधी बाजारात आणले आणि वर्षभरानंतर मार्विनच्या आवाजाने तिचे यश झाकोळून टाकले. १९७३ च्या ‘डायना अँड मार्विन’साठी तर दोघांचे सूर बऱ्याच अंशी वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावे लागले. गरोदर डायनाला त्याचे गांजा ओढणे खपत नव्हते.

तरी खरा झगडा गॉर्डीशीच. व्हिएतनामहून परतलेल्या भावाच्या हकिकतींनी हललेल्या मार्विनने ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणे केले, तेव्हा ते खपणार नाही असे गॉर्डीचे ठाम मत होते. १९७१ मध्ये ते बाहेर पडले आणि मत चुकीचे ठरले. पुढे ॲनाशी घटस्फोट झाला. पोटगीपोटी पुढील ध्वनिमुद्रिकेचे मानधन देण्याचे ठरले, तर त्याने १९७८ मध्ये तुटलेल्या संसारावरच ती ध्वनिमुद्रिका रचली! १९८१ मध्ये त्याचे अपुरे काम परस्पर प्रसिद्ध झाल्यावर त्याने मोटाऊनशी संबंध तोडला. कर्जबाजारी आणि व्यसनग्रस्त अवस्थेत बेल्जियमच्या ओस्टेंड या समुद्रकाठच्या गावी राहून त्याने ‘सेक्शुअल हीलिंग’ केले, तेही आता कोलंबियासाठी.

अशा माणसाने पासाडेनाला यावे हेच विशेष. तो पियानोपाशी बसला, हलकेच स्वर छेडत कृष्णवर्णीयांच्या संगीताचा प्रवास सांगू लागला आणि मग उठून गायला. निवडले ते ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. गॉर्डी समोर बसला होता. यापेक्षा नेमकी निवड दुसरी नसती.

बाकी जुने हिशेब मिटले नव्हते. मेरी वेल्स, मार्था रीव्ह्ज यांची जेमतेम काही ओळींवर बोळवण झाली. मेरी विल्सनने गॉर्डीला रंगमंचावर बोलावताच डायनाने तिला बाजूला सारल्याची हकिकत पुढे विल्सननेच लिहिली. दूरचित्रवाणीवर त्या क्षणाला कात्री लागली. आणि ज्याच्या बासगिटारवर ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ तोलले आहे, तो जेम्स जेमरसन तिकीट काढून मागे प्रेक्षकांत बसला होता, असे सांगतात. मोटाऊनच्या वादकांना पहिल्यांदा श्रेय मिळाले ते मार्विनच्याच त्या ध्वनिमुद्रिकेवर. उत्सवाला मात्र या वादकाची आठवण झाली नाही. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो गेला.

मे महिन्यात कार्यक्रम प्रसारित झाला आणि चर्चा झाली ती मायकेल जॅक्सनच्या ‘मूनवॉक’ची. मार्विन दौऱ्यावर निघाला, पुन्हा व्यसनात बुडाला आणि अखेर आईवडिलांच्या लॉस एंजेलिसमधील घरी परतला. १ एप्रिल १९८४ रोजी, ४५ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, भांडणात वडिलांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल त्यानेच त्यांना दिले होते.

त्याच वर्षाअखेर डायना रॉसने त्याच्या आठवणीत ‘मिसिंग यू’ गायले. गीत लायोनेल रिचीचे, कंपनी अर्थातच मोटाऊन नव्हे.