वँटेज ते केडगाव : पंडिता रमाबाई



ऑक्सफर्डच्या नैऋत्येला वँटेज नावाचे बाजाराचे एक छोटे गाव आहे. शाळेत तुम्ही आल्फ्रेड राजाविषयी शिकला असाल. तो ह्याच गावी जन्मला. गावच्या चौकात त्याचा दगडी पुतळा आहे. एका हातात परशू आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेले हस्तलिखित. राजा लढवय्या होता, आणि लॅटिन भाषेतले ग्रंथ आपल्या लोकांना कळावेत म्हणून साध्या इंग्रजीत आणणाराही होता. हा पुतळा १८७७ साली बसवला. त्यानंतर सहा वर्षांनी ह्याच गावात एक पंचवीस वर्षांची विधवा मराठी बाई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली. पुढे तिने मराठीसाठी आल्फ्रेडसारखेच काम केले. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथील रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्या काळी बायकांनी संस्कृत शिकणे लोकांना मान्य नव्हते, तरी शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आणि आईने रमेला शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत गावोगाव फिरे. मग दुष्काळ आला. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. तेव्हा त्यांचे वय होते वीस.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी लग्न केले. प्रांत वेगळा, जात वेगळी. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ साली पटकीने पती गेले. रमाबाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हवेत अशी मागणी केली. आपण स्वतःच डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले आणि १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या.

वँटेजच का? ह्या गावात सेंट मेरी नावाचा ख्रिस्ती भगिनींचा मठ होता. गावच्या पाद्रीसाहेबांनीच तो १८४८ साली सुरू केला होता. ह्या मठाच्या काही भगिनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करीत. पालकांना हे नाव ओळखीचे असेल. पुढे १८९० साली टिळक, रानडे आदी मंडळींनी जिथे चहा घेतला आणि पुण्यात ग्रामण्य झाले, तेच हे पंचहौद. त्या ओळखीने रमाबाईंची वँटेजला सोय झाली.

छोट्या इंग्रजी गावात चर्चचे स्थान काय असते, हे आपण इथे राहून पाहतो. त्या काळी ते आणखी मोठे होते. रविवारी घंटा झाली की गाव उपासनेला जमे. बाळाचा बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, आणि शेवटचा विसावाही त्याच आवारात. आपल्याकडे देऊळ, पार, चावडी आणि शाळा मिळून जे होते, ते इथे बऱ्याच अंशी एका इमारतीभोवती होई. इंग्लंडची मंडळी ही प्रॉटेस्टंट, म्हणजे रोमच्या पोपची सत्ता न मानणारी. पण वँटेजच्या भगिनींचे वळण जुने होते. ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेला वेष, वरिष्ठांची आज्ञा आणि उरलेला वेळ सेवेला. त्यांनी शाळा चालवल्या आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी घरे चालवली. लंडनमधल्या फुलम येथील असे एक घर रमाबाईंनी पाहिले. ज्या बायकांना जग दारात उभे करीत नाही, त्यांना इथे कोणी मायेने सांभाळते, हे पाहून त्या हलून गेल्या. नीळकंठशास्त्री गोरे हे त्यांच्याआधी ख्रिस्ती झालेले मराठी पंडित. त्यांच्या लिखाणाचाही रमाबाईंवर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वँटेजच्या चर्चमध्ये आई आणि मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला.

ही बातमी महाराष्ट्रात पोचली तेव्हा अनेकांना ती जिव्हारी लागली. ज्या विदुषीचा त्यांना अभिमान होता, ती आपल्यातून गेली असे त्यांना वाटले. पण ती पुरती इंग्रज झाली असे ज्यांना वाटले, त्यांचा अंदाज चुकला. वँटेजच्या भगिनींनाही हे लवकरच कळले.

रमाबाई शाकाहारी राहिल्या. लुगडे त्यांनी सोडले नाही. भगिनी गळ्यात जो क्रूस घालीत त्यावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंचे म्हणणे असे की, मला लॅटिन येत नाही आणि माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. मग त्या जागी संस्कृत शब्द का नसावेत? लॅटिन संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी? भगिनींना हा हट्ट वाटला, गर्व वाटला. पण प्रश्न साधा होता. देवाशी बोलायला परक्याची भाषा उसनी घ्यावी लागते का?

मतभेद तेवढ्यावर थांबले नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव, हे तत्त्व रमाबाईंना पटेना. बायबल स्वतः वाचून जे पटेल तेच मानीन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला होता. तिथे त्या गणित, शास्त्र आणि इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ह्या वादात रमाबाईंनी मान तुकवली नाही. पुण्यात शास्त्रीमंडळींची बंधने आणि इथे बिशपांची, दोन्हींना त्यांनी एकच मोजमाप लावले.

ह्या साऱ्यात छोटी मनोरमा बरीचशी वँटेजला भगिनींजवळ वाढत होती. आपल्या मुलीला धर्माचे काय शिकवावे यावरून आई आणि भगिनी यांच्यात पत्रांमागून पत्रे गेली. भगिनींची माया खरी होती आणि आईची काळजीही खरी होती. तो पत्रव्यवहार एका भगिनीनेच जपून ठेवला आणि १९७७ साली महाराष्ट्रातच तो पुस्तकरूपाने निघाला. परदेशात मुले वाढवणाऱ्या आपणा पालकांना त्यातला पेच समजावून सांगायला नको. शाळा चांगली, माणसे चांगली, तरी मूल घरापासून किती दूर जाऊ द्यायचे?

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या, डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तिथे व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. शाळेत धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली जाऊन बसत. ही फसवणूक आहे असे पालकांना वाटले. माझ्या घरात दार लावून प्रार्थना का करू, असे रमाबाईंचे म्हणणे. १८९३ साली वादळ झाले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच मुली घरी नेल्या गेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांचे दुःख खोटे नव्हते, आणि ज्या मुलींची शाळा सुटली त्यांचे नुकसानही खोटे नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. लहानपणी उपासमारीत आईवडील गमावलेली ती बाई. ह्या मुलींना त्या कशा सोडतील? पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे २००० जणी होत्या. फुलमच्या घराची आठवण ठेवून त्यांनी कृपा सदन काढले. अंध बायकांना ब्रेल शिकवले. विणकाम, शिवणकाम, शेती, गुरे, तेलघाणा, छापखाना, सगळे बायकाच चालवीत.

मधोमध चर्च. मुक्तीचा धर्म आता उघड ख्रिस्ती होता. पण ते चर्च वँटेजची नक्कल नव्हते. बायका जमिनीवर बसत, मराठी भजने गात. त्याच काळात नगरकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती उपासनेसाठी मराठी पदे आणि अभंग रचीत होते. १९०५ साली वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या केडगावला पोचल्या आणि तिथेही शेकडो बायका एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. ठरलेल्या वेळी ठरलेले शब्द म्हणणाऱ्या वँटेजच्या भगिनींना ते चमत्कारिक वाटले असते. रमाबाईंनी त्यांना अडवले नाही.

एक अडचण राहिली. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण खेड्यातल्या बाईला ते जड जाई. तेव्हा रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. हे काम बरीच वर्षे चालले. खिळे जुळवायला, मुद्रिते तपासायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका. ज्यांना काल अक्षर येत नव्हते त्या जुळारी झाल्या. आमच्या संगणकाच्या धंद्यात एक टिंब चुकले तर अख्खा प्रोग्रॅम अडतो. इथे तर हजारभर पाने, एकेक खिळा हाताने लावलेला!

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचा उजवा हात गेला. तरीही रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले.

भारत सरकारने १९८९ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. आणि ज्या इंग्लंडच्या चर्चशी त्या इतक्या भांडल्या, त्याच चर्चने आपल्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या नावे ठेवला आहे, आणि तोही भाषांतरकार म्हणून.

मुलांनो, धर्म कोणता मानावा हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या वर्गात निरनिराळ्या घरांतली मुले आहेत. पण रमाबाईंची एक गोष्ट सर्वांनी घेण्यासारखी आहे. दुसऱ्यांच्या गावात जे चांगले दिसले ते त्यांनी मोकळ्या मनाने घेतले, आणि आपली भाषा मात्र दाराबाहेर ठेवली नाही. शनिवारी सकाळी झोप मोडून मराठीच्या वर्गाला का यायचे, असे कधी वाटले तर वँटेजच्या त्या क्रूसाची आठवण करा. आणि कधी त्या बाजूला गेलात तर चौकात आल्फ्रेड राजाला नमस्कार करून चर्चमध्येही डोकावून या.