आजारांच्या यादीचे जनक : झाक बेर्तियाँ

यवतमाळ जिल्ह्यात डोळे तपासणीच्या ओपीडीत एक तक्रार वरचेवर ऐकू येते. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पट्टी निघाल्यावर सगळे लख्ख दिसू लागले, वेचलेल्या कापसातला काडीकचराही नजरेत भरू लागला; आता मात्र पुन्हा धुके आले आहे. मोतीबिंदू परत आला, ऑपरेशन वाया गेले, असे समजून कित्येक म्हातारी माणसे घरीच बसून राहतात. खरे तर काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. हा वेगळा विकार आहे. आंतरराष्ट्रीय रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे : एच २६.४. आजारांची अशी एकच यादी साऱ्या जगाने वापरावी, यासाठी आयुष्य वेचणाऱ्या झाक बेर्तियाँ यांची आज ओळख करून घेऊ.

बेर्तियाँ यांचा जन्म १८५१ चा. त्यांच्या घरात आकडेमोड परंपरेनेच चालत आलेली. आजोबा आशिल गियार यांनी लोकसंख्येच्या अभ्यासाला फ्रेंच भाषेत डेमोग्राफी हे नाव दिले. वडील लुई-आदॉल्फ डॉक्टर होते आणि पॅरिस शहराच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुखही. धाकटे बंधू आल्फाँस यांनी गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मापे घेण्याची पद्धत काढली. बोटांचे ठसे येण्यापूर्वी ती काही काळ बंगालच्या पोलिसांनीही वापरली. झाक स्वतः वैद्यकशास्त्र शिकले होते. १८८३ मध्ये वडील वारले आणि त्या कार्यालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

तिथे बसल्यावर त्यांच्यासमोर रोज एकच अडचण येई. एकाच आजाराला प्रत्येक देशात निराळे नाव होते आणि एकाच नावाखाली निरनिराळे आजार मांडले जात होते. मग पॅरिसमधले मृत्यू आणि बर्लिनमधले मृत्यू यांची तुलना करायची कशी? इंग्लंडचे डॉ. विल्यम फार यांनी या प्रश्नावर आधी बरेच काम केले होते. सर्व शरीराला ग्रासणारे आजार एकीकडे आणि विशिष्ट अवयवाचे आजार दुसरीकडे, हे त्यांचे तत्त्व बेर्तियाँ यांनी घेतले. त्याला पॅरिसमधील वर्गवारीचा पाया दिला आणि इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड यांच्या याद्यांचा मेळ घातला. १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने त्यांची यादी स्वीकारली. तिची रूपे तीन होती : ४४, ९९ आणि १६१ शीर्षकांची. ज्या कार्यालयाकडे जेवढी माणसे आणि जेवढी माहिती, त्याने त्या मापाची यादी घ्यावी, अशी ही व्यवहारी सोय होती.

यादी एकदा करून ती कपाटात ठेवायची नाही, हेही याच काळात ठरले. १८९८ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य संघटनेने दर दहा वर्षांनी ती सुधारावी, असे सुचवले. १९०० च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले. पुढच्या परिषदा १९०९ आणि १९२० मध्ये झाल्या. तिन्ही वेळा कामाचा भार बेर्तियाँ यांनीच वाहिला. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या काळी आपल्या वऱ्हाडात काय होते? जन्म-मृत्यूची नोंद गावचा पाटील ठेवी. पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, अपघात असे मोजकेच रकाने असत आणि मोठा वाटा ताप या एका रकान्यात जाई. हिवताप, विषमज्वर, क्षय, सगळे त्यातच. यात पाटलाचा दोष नव्हता. गावात निदान करणारा डॉक्टरच नव्हता. पण जो आजार कागदावर वेगळा दिसत नाही, त्याच्यासाठी औषध, माणूस किंवा पैसा मागायचा तरी कोणत्या आधारावर?

बेर्तियाँ यांची यादी मुख्यतः मृत्यूच्या कारणांची होती. मोतीबिंदूने माणूस मरत नाही, फक्त त्याचे जग अंधारते. जिवंत माणसाच्या आजारांना या यादीत पूर्ण जागा मिळाली ती १९४८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली तेव्हा. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी दहाव्या आवृत्तीचे क्रमांक अजून सर्वत्र परिचयाचे आहेत.

आता एच २६.४ कडे वळू. मोतीबिंदू काढताना डॉक्टर डोळ्यातले गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढतात. पण ते ज्या पातळ पिशवीत असते, तिचा मागचा पडदा ठेवतात. त्याच्याच आधाराने कृत्रिम भिंग बसते. पिशवीत उरलेल्या पेशी काही महिन्यांत किंवा वर्षांत त्या पडद्यावर पसरतात आणि तो धुरकट होतो. यालाच लोक जाळी आली म्हणतात. उपाय यॅग लेसरचा. बुबुळ बधिर करणारे थेंब टाकून त्या पडद्याच्या मधोमध छोटी खिडकी पाडतात. चिरा नाही, टाका नाही, काम काही मिनिटांचे आणि रुग्ण त्याच दिवशी घरी. क्वचित डोळ्यातला दाब वाढतो, फार क्वचित दृष्टिपटल सुटते; म्हणून नंतरची तपासणी चुकवू नये.

केसपेपरवर मात्र नुसते मोतीबिंदू लिहून एच २५, म्हणजे वयोमानाने आलेला मोतीबिंदू, हा क्रमांक पडला तर घोळ होतो. कागदावर तो डोळा ऑपरेशन न झालेला ठरतो. योजनेच्या किंवा विम्याच्या दाव्यात एकाच डोळ्याचा मोतीबिंदू दुसऱ्यांदा दिसला की शंका निघते. जिल्ह्याच्या हिशेबात ऑपरेशनची गरज वाढलेली दिसते आणि लेसर यंत्राची गरज दिसतच नाही. एच २६.४ आणि सोबत कृत्रिम भिंग असल्याचा झेड ९६.१ लिहिला, तर पुढच्या डॉक्टरला खरी स्थिती लगेच कळते.

ऑपरेशननंतर धूसर दिसण्याचे कारण दरवेळी जाळीच असते, असेही नाही. मधुमेहाने बिघडलेला दृष्टिपटल, काचबिंदू किंवा बुबुळाची सूजही असू शकते. तिथे लेसरने भागणार नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला, किंवा एकाएकी दिसेनासा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळूहळू धुके वाढत असेल तर ऑपरेशनचे जुने कार्ड घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे, कोणता डोळा आणि कोणते साल ते सांगावे, आणि निदान काय झाले ते कागदावर स्पष्ट लिहून मागावे. घरात कुणी आजी-आजोबा मोतीबिंदू परत आला म्हणून गप्प बसले असतील, तर त्यांना या आठवड्यातच घेऊन जा.